खुलासा मागवण्यात येत आहे

मराठी वाचकाला गैरसमज हा प्रथमतः विनोदाचा विषय वाटतो, आणि याचे बरेचसे श्रेय आपल्या रंगभूमीला द्यावे लागेल. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ १९१६ साली रंगमंचावर आले. मोलिएरच्या एका प्रहसनावरून आर्थर मर्फीने इंग्रजीत नाटक रचले आणि त्याच्या आधारे देवलांनी आपले नाटक उभे केले. एक तसबीर भलत्याच हाती पडते आणि नवरा, बायको, प्रियकर, प्रेयसी असे सगळेच परस्परांवर संशय घेऊ लागतात. प्रेक्षक मात्र निर्धास्त असतो. शेवटच्या अंकात सगळ्याचा खुलासा होणार आणि मंडळी हसतमुखाने घरी जाणार, हे त्याला पहिल्या घंटेपासून ठाऊक असते. त्या भरवशावरच तो हसतो.

कार्यालयातील गैरसमजाची गोष्ट निराळी आहे. तेथे खुलासा ‘होत’ नाही. तो ‘मागवण्यात येतो’. नाटकात खुलासा झाला की गैरसमज संपतो. कार्यालयात खुलासा मागवला की गैरसमज नोंदीवर येतो, त्याला जावक क्रमांक पडतो आणि तो कुणाच्या तरी सेवापुस्तकाच्या दिशेने चालू लागतो. या दोन खुलाशांमधील अंतर हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे. नोकरीतला एखादा दिवस गैरसमजांनी नासून गेला की आपण साहेबांच्या स्वभावाला, सहकाऱ्यांच्या कागाळ्यांना किंवा नशिबाला बोल लावतो. आमचे म्हणणे असे की त्या नासाडीतला पुष्कळसा भाग भाषेचा असतो, मराठवाड्यात तो भाषेच्या इतिहासाचा असतो, आणि म्हणूनच तो साहित्याच्या विद्यार्थ्याच्या कक्षेत येतो.

एक दिवस घेऊ. आमची एक माजी विद्यार्थिनी मराठी घेऊन एम. ए. झाली, प्रथम श्रेणीत. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या एका गावातून ती रोज एसटीने लातूर जिल्ह्यातल्या एका कार्यालयात कंत्राटी लिपिक म्हणून जाते. कार्यालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. ते कोणतेही असू शकले असते. तिने आम्हांला सांगितलेला तिचा एक दिवस असा.

सकाळी आठ वाजता कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर संदेश आला: ‘परवाच्या बैठकीची माहिती आपण आजच द्यावी.’ आता ‘परवा’ हा मराठीतला दोन तोंडांचा शब्द. तो मागेही पाहतो आणि पुढेही. वाक्यात ‘झालेल्या’ किंवा ‘होणाऱ्या’ असे एखादे विशेषण असते तर प्रश्न उरला नसता. तसे ते नव्हते. बैठक दोन दिवसांपूर्वी झाली होती आणि आणखी एक दोन दिवसांनी व्हायची होती. तिने झालेल्या बैठकीचे इतिवृत्त तयार केले. साहेबांना व्हायच्या बैठकीचा तक्ता हवा होता. त्यातून संदेशातला ‘आपण’! गटात नऊ माणसे. ‘आपण’ म्हणजे आदरार्थी तुम्ही, ‘आपण’ म्हणजे तुम्ही-आम्ही मिळून सगळे, आणि ‘आपण’ म्हणजे स्वतः. नऊ जणांपैकी आठ जणांनी तो आदर दुसऱ्या कुणाला उद्देशून आहे असे मानले व अंगठ्याचे चिन्ह टाकून मोकळे झाले.

दुपारी वरच्या कार्यालयातून दूरध्वनी आला. दुसराच एक अहवाल अजून पोहोचला नव्हता. ती म्हणाली, ‘पाठवायलोत, सर.’ लातूर-नांदेडकडे ‘पाठवायलोत’ म्हणजे या घटकेला पाठवीत आहोत, काम चालू आहे. ‘काय करायलास?’ असे इकडे विचारतात ते चालू वर्तमानाबद्दल. पलीकडचे गृहस्थ या भागातले नसावेत. त्यांच्या मराठीत ‘पाठवायला’ म्हणजे पाठवण्यासाठी. काम व्हायचे आहे असे त्यांनी समजून घेतले. तक्त्यात तिच्या कार्यालयासमोर ‘अप्राप्त’ असा शेरा पडला. अहवाल त्यानंतर दहा मिनिटांत गेला, पण शेरा आधी गेलेला होता.

याच सुमारास एक म्हातारे शेतकरी प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आले. ‘गिरदावर साहेबाला भेटायचंय,’ म्हणाले. तिने हजेरीपट डोळ्यांखालून घातला आणि त्या आडनावाचे साहेब येथे नाहीत असे सांगितले. म्हातारबाबा पिशवी काखेत मारून परत गेले. गिरदावर हे आडनाव नाही. निजामी महसुली व्यवस्थेतला तो हुद्दा आहे. आजचा मंडळ अधिकारी म्हणजे मागच्या पिढीचा गिरदावर. तो शब्द तिच्या आजोबांच्या तोंडी असता, तिच्या वयाच्या माणसाने तो ऐकलेला असेलच असे नाही. पिशवीतला कागद उर्दूत होता, आणि कार्यालयात तो कुणाला वाचता आला नसता ही गोष्ट वेगळीच.

चार वाजता एका टिपणीवरून गदारोळ झाला. तिने लिहिले होते, ‘कार्यवाहीस्तव सादर.’ पुढच्या टेबलावर टंकलेखनात ‘कार्यवाही’ची ‘कारवाई’ झाली. कार्यवाही म्हणजे काम पुढे नेणे आणि कारवाई म्हणजे दंडाची किंवा शिस्तीची पावले उचलणे, हा भेद शासकीय मराठीत कटाक्षाने शिकवला जातो, कारण तो कायम गोंधळात पडतो. टिपणीत ज्या सहकाऱ्याचे नाव होते ते तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले: ‘माझ्यावर कारवाई सुचवणारी तू कोण?’

आणि साडेपाचला तिच्या हाती पत्र पडले. माहिती विहित वेळेत अप्राप्त असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी चोवीस तासांत लेखी खुलासा सादर करावा. अन्यथा आपले काहीएक म्हणणे नाही असे गृहीत धरण्यात येईल. ‘सर,’ ती आम्हांला म्हणाली, ‘दिवसभर सगळेजण मराठीच बोलायलेत अन् एकाचं एकाला कळंना गेलंय.’

हे वाक्य विनोदी आहे, पण त्यात हसण्यासारखे काही नाही. तिच्या दिवसातले चारही गैरसमज सुटे सुटे पाहिले तर क्षुल्लक वाटतात, आणि प्रत्येकाचे मूळ वेगळे आहे. पहिला व्याकरणाचा, दुसरा बोलीचा, तिसरा इतिहासाचा, चौथा उच्चारसाम्याचा. परंतु चारही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. शब्दाला दोन अर्थ होते. त्यांपैकी कोणता खरा हे वरच्याने ठरवले, आणि दुसरा अर्थ ज्याने घेतला त्याचे नुकसान झाले. ‘परवा’चा अर्थ साहेबांच्या मनात होता तो. ‘पाठवायलोत’चा अर्थ वरच्या कार्यालयाच्या कानाला लागला तो. म्हातारबाबांच्या बाबतीत तर हीच मुलगी खिडकीच्या आतल्या बाजूला होती, म्हणून अर्थ तिचा चालला आणि फेरा त्यांना पडला. गैरसमज दोघांत होतो असे आपण म्हणतो. किंमत मात्र एकच जण मोजतो, आणि तो कोण असेल हे शब्द उच्चारण्यापूर्वीच ठरलेले असते.

या गोंधळाला मराठवाड्यात एक खास पार्श्वभूमी आहे. नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. तेथील कारभारात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फारसीची जागा उर्दूने घेतली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच ठेवले. जिल्ह्याचा मुख्य अधिकारी अव्वल तालुकदार, त्याच्या वर सुभ्याचा सुभेदार. नांदेड जिल्हा औरंगाबादच्या सुभ्यात होता. लातूर ज्यात होते तो उस्मानाबाद जिल्हा गुलबर्ग्याच्या सुभ्यात. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यात. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर शेजारच्या प्रांतांतून अधिकारी येथे आणण्यात आले. त्यांच्यापैकी कुणी ‘तालुकदार’ हा शब्द ऐकून तालुक्याचा कारभारी समजला असेल, ‘सुभेदार’ ऐकून पलटणीतला हुद्देदार समजला असेल, तर नवल नाही. दोन्ही अर्थ त्यांच्या प्रांतात बरोबर होते. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि १९८२ मध्ये लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. उदगिरात १९४५ साली नोकरीला लागलेल्या एखाद्या कारकुनाचा विचार करा. खुर्ची न हलवता त्याने चार राज्ये पाहिली: निजामाचे संस्थान, भारतीय संघराज्यातले हैदराबाद राज्य, मुंबई राज्य आणि महाराष्ट्र. प्रत्येक वेळी दप्तराची भाषा सरकली. त्याचे काम तेच राहिले. त्या कामाला म्हणायचे काय, ते बदलत गेले.

यातली खरी गंमत, किंवा खरी अडचण, नव्या शब्दांची नाही. ती सारख्या शब्दांची आहे. अनोळखी शब्द आला की माणूस थांबतो, विचारतो. ओळखीचा शब्द मात्र बेसावध गाठतो. ‘राजीनामा’ म्हटले की मराठी माणूस नोकरी सोडतो. उर्दूत राजीनामा म्हणजे दोन पक्षांत झालेल्या समेटाचा लेख, आणि नोकरी सोडणे म्हणजे इस्तिफा. ‘हरकत’ मराठीत आक्षेप. उर्दूत हालचाल, कृती, कधी आगळीक. ‘दखल’ मराठीत आपण घेतो, म्हणजे लक्ष घालतो; उर्दूत दखल देतात, म्हणजे ढवळाढवळ करतात. ‘तक्रार’ मराठीत गाऱ्हाणे. उर्दूत पुनरुक्ती किंवा भांडण. ‘तालीम’ मराठीत कुस्तीचा आखाडा किंवा नाटकाचा सराव, उर्दूत शिक्षण. आणि आपला नायक ‘खुलासा’: उर्दूत त्याचा अर्थ सारांश, गोषवारा. निजामी दप्तरातल्या मुन्शीला खुलासा लिहायला सांगितले तर तो निमूटपणे लांबलचक मिसलीचे चार ओळींत सार काढून देईल. आजच्या लिपिकाला खुलासा लिहायला सांगितले की त्याला रात्री झोप लागत नाही. अक्षरे तीच, पण मधल्या काळात शब्द आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला आहे.

नांदेडसारख्या शहरात हे शब्द कोशात झोपलेले नाहीत. एकाच कचेरीत, एकाच चहाच्या टेबलाभोवती मराठी आणि दखनी बोलणारी माणसे बसतात आणि दोघेही ‘तक्रार’ म्हणतात. दखनीत ‘कल’ गेलेलाही असतो आणि येणाराही. हैदराबादी तोंडी ‘परसों’ तर गेल्या आठवड्यापासून गेल्या वर्षापर्यंत कोठेही पोहोचतो. त्यात पूर्वेला धर्माबाद-बिलोलीकडून तेलुगू आणि दक्षिणेला देगलूर-उदगीरकडून कन्नड मिसळते. एवढे सगळे असूनही बहुतेक दिवस सुरळीत जातात ही खरे तर कौतुकाची गोष्ट आहे. माणसे एकमेकांना ओळखतात, समोरचा कोणत्या घरचा आहे ते पाहून अर्थ जुळवून घेतात. हे जुळवून घेणे कागदावर येत नाही. बदलीवर आलेला साहेब, नवी लागलेली मुलगी, दूरध्वनीवरचा आवाज यांना ती सोय नसते. दिवस नासतो तो तेथे.

यावर शब्द बदलण्याचा उपाय आपल्याकडे फार जुना आहे. शिवकाळात रघुनाथ पंडितांचा राज्यव्यवहारकोश झाला, त्यात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. विसाव्या शतकात सावरकरांची भाषाशुद्धीची चळवळ झाली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, पदनाम कोश आला, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला. या प्रयत्नांची टिंगल करणे सोपे आहे आणि ती पोटभर झालेलीही आहे. त्या टिंगलीत आम्हांला सामील व्हायचे नाही. मराठी राज्यात मराठीत कारभार चालावा यासाठी कुणीतरी बसून शब्द घडवणे आवश्यकच होते. प्रश्न एवढाच की शब्द बदलल्याने कोणता गैरसमज मिटला? गिरदावर जाऊन मंडळ अधिकारी आला. म्हातारबाबांना त्याची वर्दी कुणी दिली नाही. नवे शब्द निष्पाप असतात असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, हजारो माणसे गेली, पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली. अशा प्रत्येक पुनर्वसनात ज्याचे घर आणि घरातली माणसे गेली तो कागदावर ‘लाभार्थी’ होतो. शब्द शुद्ध आहे, सुटसुटीत आहे, कोशात बसणारा आहे. त्याचा विग्रह करून पाहा: लाभाची इच्छा धरणारा. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण ज्याच्याविषयी लिहिले जाते त्याला तो कागद वाचून काय वाटले असेल, हा प्रश्न शुद्धीच्या कसोटीवर उमटतच नाही.

आमच्या मते खरी गाठ शब्दांत कमी आणि वाक्यरचनेत अधिक आहे. ‘निदर्शनास आले आहे.’ कुणाच्या? ‘गृहीत धरण्यात येईल.’ कोण धरणार? ‘कळवण्यात आले होते.’ कुणी, कुणाला, केव्हा? शासकीय मराठीने ‘करण्यात येणे’ या रचनेला एवढे पाळले आहे की तिच्यातून कर्ता कायमचा रजेवर गेला आहे. मात्र कर्ता नसतो तो फक्त वरच्या बाजूला. खालच्या बाजूला तो नेमका असतो: ‘आपण’ सादर करावे, ‘आपणांस’ जबाबदार धरण्यात येईल. एकाच पत्रात आदेश देणारा अदृश्य आणि आदेश पाळणारा नावानिशी, पदनामानिशी हजर. या विषम प्रकाशयोजनेत चूक झाली की ती दिसणाऱ्याच्याच अंगावर पडणार.

येथे एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. नोकरशाहीची भाषा निर्वैयक्तिक असते ती मुद्दाम. माक्स वेबरपासून समाजशास्त्र हेच सांगत आले आहे. कागदावर व्यक्ती नसते, पद असते. त्यामुळे नागरिकाला कुणा एकाच्या मर्जीवर जगावे लागत नाही. ‘मी आदेश देतो’ असे लिहिणारा अधिकारी ‘आदेश देण्यात येत आहे’ असे लिहिणाऱ्यापेक्षा अधिक धोक्याचा ठरू शकतो. ज्या प्रदेशाने जहागिरी पाहिल्या, त्याने या युक्तिवादाकडे दुर्लक्ष करू नये. आम्हांला तो मान्य आहे. परंतु निर्वैयक्तिकता आणि संदिग्धता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘दिनांक अमुकच्या होणाऱ्या बैठकीसाठी अमुक शाखेच्या लिपिकाने तक्ता द्यावा’ हे वाक्य पुरेसे निर्वैयक्तिक आहे आणि त्याचा एकच अर्थ होतो. पदाचा निर्देश केल्याने मर्जी शिरत नाही. ती शिरते दोन अर्थ शिल्लक ठेवल्याने.

साहित्याच्या वर्गात हीच संदिग्धता आपण गुण म्हणून शिकवतो. विल्यम एम्पसनने १९३० साली तिचे सात प्रकार पाडले आणि आधुनिक समीक्षेला एक हत्यार दिले. आपली परंपरा याहून पुष्कळ जुनी. अनेकार्थी शब्दाचा अर्थ कशाने ठरतो याचा विचार भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त केला: संयोग, वियोग, साहचर्य, विरोध, प्रकरण, देश, काल इत्यादी. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त व्यंजनेला साहाय्य करणाऱ्या गोष्टी मोजल्या: बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आवाजाचा हेलकावा म्हणजे काकू, प्रसंग, स्थळ, वेळ. ही यादी परीक्षेसाठी पाठ करणारा विद्यार्थी पुढे कार्यालयात जातो तेव्हा ती तेथे जशीच्या तशी लागू आहे, हे त्याला कुणी सांगत नाही. व्हॉट्सॲपच्या संदेशात काकू नसतो. परिपत्रकात देश गाळलेला असतो, म्हणून मुंबईत लिहिलेले वाक्य अहमदपुरात भलतेच उगवते. ‘परवा’च्या वाक्यात प्रकरण लिहिणाऱ्याच्या डोक्यात राहिलेले असते. आणि जुन्या आचार्यांच्या यादीतल्या ‘बोलणारा कोण’ या घटकाला कार्यालयाने एवढे फुगवले आहे की बाकी सगळे घटक त्याच्या सावलीत जातात. काव्यात संदिग्धता वाचकाला श्रीमंत करते, कारण तेथे दोन्ही अर्थ घेण्याची मुभा वाचकाला असते. कार्यालयात ती मुभा एकट्या वरिष्ठाला असते. नंतर हवा तो अर्थ निवडण्याची सोय, हीच तेथल्या संदिग्धतेची उपयुक्तता. ती नेहमी हेतुपुरस्सर असते असे आम्ही म्हणत नाही. पण नकळत मिळालेली सोयही कुणी सहजासहजी सोडत नाही.

एका शब्दाच्या अर्थावर किती अवलंबून असू शकते हे मराठवाड्याने अलीकडेच पाहिले. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जिल्ह्या-जिल्ह्यांत उर्दू आणि मोडी वाचणाऱ्या जाणकारांची गरज पडली. आरक्षणाच्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. त्याबाबत दोन्ही बाजूंची मते वाचकांना ठाऊक आहेत. भाषेच्या अंगाने मात्र एक गोष्ट नोंदवली पाहिजे. दीडशे वर्षांपूर्वी कुणा कारकुनाने एका रकान्यात एक शब्द लिहिला. तो जातीचा निर्देश आहे की धंद्याचा, यावर आज असंख्य कुटुंबांचे भवितव्य तोलले जात आहे. तो कारकून त्या दिवशी दमलेला असेल, घाईत असेल, समोरच्याचे बोलणे त्याला अर्धे कळले असेल. कार्यालयातला वाईट दिवस त्या संध्याकाळी संपतो असे आपण समजतो. कागदावर तो संपत नाही.

मग करावे काय? नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, लातूरला त्याचे उपकेंद्र आहे, दोन्ही जिल्ह्यांत मराठी विभाग असलेली कितीतरी महाविद्यालये आहेत. ‘व्यावहारिक मराठी’ची अभ्यासपत्रिका महाराष्ट्रात नवी नाही. पण ती बहुतेक ठिकाणी नमुन्यांची पत्रिका असते: अर्जाचा नमुना, इतिवृत्ताचा नमुना, जाहिरातीचा नमुना. विद्यार्थी साचा पाठ करतो. साच्यातून कोण गाळला गेला आहे हे पाहायला शिकत नाही. कवितेच्या तासाला निवेदक कोण, संबोधित कोण, काय अनुक्त राहिले, असे प्रश्न आपण विचारतो. तेच प्रश्न एका परिपत्रकाला विचारावेत. उर्दू-मराठी सारख्या शब्दांची भिन्नार्थी यादी नांदेडच्या विद्यार्थ्यांनी करावी, मराठी आणि उर्दू या दोन्ही विभागांनी मिळून करावी. दोघांनाही तिचा उपयोग आहे. गिरदावर, पेशकार, मिसल हे शब्द ज्यांच्या तोंडी अजून आहेत ती माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडून ते टिपून घ्यावेत. आणि ‘पाठवायलोत’ला अशुद्ध म्हणणे थांबवावे. तो क्रियापदाचा नियमित, अर्थपूर्ण प्रयोग आहे. वरच्या कार्यालयाला तो कळत नसेल, तर त्याचे अज्ञान बोलणाऱ्याच्या खात्यावर मांडण्याचे कारण नाही.

हे साहित्याचे काम नव्हे असे कुणी म्हणेल. त्यांनी नांदेडच्याच नरहर कुरुंदकरांकडे पाहावे. पीपल्स कॉलेजच्या या प्राचार्यांनी भरताच्या नाट्यशास्त्रावर लिहिले आणि हैदराबादच्या मुक्तिलढ्यावरही लिहिले. संहिता कोणतीही असो, तिच्यातला शब्द नेमका काय म्हणतो आणि काय लपवतो हे विचारण्याची त्यांची रीत बदलली नाही. आपल्या कथात्म साहित्यातही बीजे आहेत. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला मास्तर शिकवतो त्याहून अधिक वेळ गावाच्या अडीअडचणी आणि कागदपत्रे यांच्या मध्ये उभा राहतो, नेमाड्यांच्या चांगदेव पाटलाची नोकरी हा तीन-तीन कादंबऱ्यांचा ऐवज झाला. पण कागदाची भाषाच जिचा विषय आहे, टिपणी, शेरा आणि खुलासा यांच्यातून जी माणसाचा दिवस वाचते, अशी मराठवाड्यातली कादंबरी आम्हांला हवी आहे. ती लिहिणारा बहुधा आज कुठल्यातरी आवक-जावक टेबलावर बसलेला असेल.

‘आपले काहीएक म्हणणे नाही असे गृहीत धरण्यात येईल.’ शासकीय मराठीतले हे वाक्य आम्हांला सर्वांत भयंकर वाटते, आणि ते रोज शेकडो वेळा टंकले जाते. मुदतीत उत्तर आले नाही तर काय होईल एवढेच त्याला सांगायचे असते. पण व्याकरणाने ते त्याहून पुष्कळ जास्त सांगते: म्हणणे असो वा नसो, ते नाही असे मानण्याचा अधिकार कुणा अनामिकाने स्वतःकडे ठेवला आहे. साहित्याचा विद्यार्थी हे वाक्य वाचायला शिकला, आणि उद्या स्वतः त्या खुर्चीत बसल्यावर वेगळ्या रीतीने लिहायला शिकला, तर मराठी घेऊन काय उपयोग, या आपल्याला नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे एक उत्तर तरी तयार होईल.